डोडोच्या बेटावर डाळपुरी

दोस्तांनो, आज आपल्या भटकंतीला बूट नकोत, पाण्याची बाटली नको. फक्त नकाशाची वही काढा. आणि हो, पोटभर जेवून बसू नका. थोडी भूक राखून ठेवा. का ते कळेलच!

मुंबईवर बोट ठेवा. आता ते सरळ खाली, किंचित डावीकडे सरकवत न्या. अरबी समुद्र संपला, विषुववृत्त ओलांडलं, हिंदी महासागर लागला. मादागास्कर हे मोठं बेट दिसलं? त्याच्या उजव्या हाताला, पाण्यात तीळ सांडावा तसा एक ठिपका आहे. तोच मॉरिशस.

गंमत बघा. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी वर, साधारण तितकाच मॉरिशस खाली. जणू मधे आरसा धरलाय! म्हणून आपल्याकडे डिसेंबरात स्वेटर निघतात, तेव्हा तिथे कडक उन्हाळा असतो. बेट केवढं? सुमारे १८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, तिच्या तिप्पट. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. पण एवढ्याशा जागेत मंदिर, मशीद, चर्च आणि चिनी देऊळ अगदी शेजारी शेजारी नांदतात. चलनाचं नाव रुपया. आणि ताटात जे पडतं त्यात भारत, आफ्रिका, चीन, फ्रान्स सगळे एकत्र!

हे सगळं तिथे कसं जमलं? तीच तर आजची गोष्ट.

मूळचं कोणीच नाही

मॉरिशसची एक खासियत लक्षात ठेवा. या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. होता तो डोडो! गुबगुबीत, बाकदार चोचीचा, उडता न येणारा पक्षी. माणूस हा प्राणी त्याने पाहिलाच नव्हता, त्यामुळे पळून जायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

१५९८ साली डच खलाशी इथे उतरले. आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटलं. त्यांच्यामागोमाग उंदीर, डुकरं, माकडं आली. जमिनीवर घातलेली डोडोची अंडी या पाहुण्यांनी फस्त केली. शंभर वर्षांच्या आत डोडो जगातून नाहीसा झाला. पुन्हा कधीही न दिसण्यासाठी. डचांनी आणखी एक गोष्ट आणली. जावा बेटावरून आणलेला ऊस. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. ऊस मात्र राहिला. या उसानेच पुढे लाखो माणसांचं नशीब बदललं.

१७१५ मध्ये फ्रेंच आले. १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. १२ मार्चच का? याच तारखेला १९३० साली गांधीजी दांडीयात्रेला निघाले होते, त्याची ही आठवण. गांधीजी स्वतःही १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परत येताना या बेटावर काही दिवस थांबले होते.

पोर्ट लुईचा फेरफटका

आता राजधानीत शिरू या. पोर्ट लुई. बंदराजवळ ताडामाडांच्या रांगा असलेला एक लांबट चौक आहे. त्याच्या एका टोकाला समुद्राकडे तोंड करून एक पुतळा उभा आहे. हे माहे द ला बूर्दोने. १७३५ साली फ्रेंच गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांनी हे बंदर उभं केलं. रस्ते, गोदामं, रुग्णालय बांधून घेतलं. पण बांधलं कुणाच्या हातांनी? आफ्रिका आणि मादागास्करमधून पकडून आणलेल्या गुलामांच्या, आणि पाँडिचेरीकडून आणलेल्या कारागिरांच्या. दगडी इमारत पाहताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या बरं का! पाटीवर बांधून घेणाऱ्याचं नाव असतं, बांधणाऱ्याचं नसतं.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला जुना सरकारी वाडा आहे. त्याच्या दारात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा. म्हणजे एका टोकाला फ्रेंच, दुसऱ्या टोकाला इंग्रज. एकाच चौकात दोन राज्यं!

पुढे चला. सेंट जेम्स नावाचं चर्च बघा. भिंती एवढ्या जाड कशाला? कारण फ्रेंचांच्या काळात ते दारूगोळ्याचं कोठार होतं! इंग्रजांनी त्याचं चर्च केलं. तोफांची दारू गेली आणि प्रार्थना आली.

आणखी थोडं चाललं की पांढरीशुभ्र जुम्मा मशीद लागते. गुजरातकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी १८५० नंतरच्या वर्षांत ती बांधायला घेतली. तिच्या अंगणात बदामाचं एक जुनं झाड आहे. शहराच्या गोंगाटातून त्या सावलीत गेलं की कसं गार वाटत असेल! मशिदीच्या अवतीभवतीच चिनी वस्ती आहे. लाल अक्षरांच्या पाट्या, वाफाळणाऱ्या हंड्या. शहराच्या दुसऱ्या बाजूला, समुद्राजवळ १८४२ सालचं क्वान ती नावाचं चिनी देऊळ आहे. आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला टेकडीवर बसलाय काळ्या दगडांचा किल्ला, फोर्ट अ‍ॅडलेड. तो इंग्रजांनी १८३४ ते १८४० या काळात बांधला. वर चढलं की खाली घोड्यांच्या शर्यतींचं मैदान दिसतं. ते १८१२ पासूनचं आहे!

आता घरं बघू. जुनी घरं लाकडाची. पुढे ऐसपैस व्हरांडा, कोकणातल्या घराला पडवी असते तसा. छपराच्या कडेला झालर लावल्यासारखी नक्षीची पट्टी. ही नुसती शोभा नाही हं, पावसाचं पाणी भिंतीपासून दूर गळावं म्हणूनही तिचा उपयोग. मोका गावात 'युरेका' नावाचं असं एक घर आहे. त्याला म्हणे १०९ दारं आहेत! लपाछपी खेळायला मजा येईल, पण रात्री दारं लावायचं काम कुणाकडे?

अशी घरं आता थोडी उरली आहेत. १९६० च्या फेब्रुवारीत 'कॅरोल' नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं आणि हजारो घरं उडाली. मग लोकांनी सिमेंट-काँक्रीटची घरं बांधली. त्यात त्यांचं काय चुकलं? डोक्यावरचं छप्पर टिकायला हवंच. म्हणून तर जी थोडी लाकडी घरं उरली, ती जपणं महाग आणि अवघड काम आहे.

घाटावरच्या पायऱ्या

आता बंदराच्या काठावरच्या एका जागेकडे वळू. इथे ना घुमट आहे, ना मनोरा. काही दगडी भिंती, काही खोल्या, थोड्या पायऱ्या. सगळी जागा १६४० चौरस मीटर. एखाद्या शाळेचं छोटं पटांगण असावं एवढीच. तरी २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिचं नाव आप्रवासी घाट.

काय घडलं इथे? १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांना आता मजूर हवे होते. मग भारतातून माणसं आणायची असं ठरलं. 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून पहिले ३६ मजूर २ नोव्हेंबर १८३४ रोजीच येऊन पोचले होते. त्यानंतर कोलकाता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जहाजं भरभरून लोक आले. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख!

हे लोक करारावर आलेले. पाच वर्षांचा करार, आणि सुरुवातीच्या काळात पगार महिन्याला पाच रुपये. 'अ‍ॅग्रीमेंट' शब्द लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाला आणि ही माणसं 'गिरमिटिया'. 'तिथे दगड उचलला की खाली सोनं सापडतं' असं सांगून आपल्या आजोबा-पणजोबांना आणलं, अशी गोष्ट मॉरिशसच्या घराघरांत सांगतात. दगड उचलावे लागले हे खरं. उसाच्या शेतातले दगड उचलून त्यांनी रास रचली. सोनं मात्र निघालं नाही. शिवाय एक जाचक नियम होता. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा! करा हिशेब, महिन्यात पाच दिवस ताप आला तर काय उरेल?

१८४९ पासून उतरणाऱ्या प्रत्येकाला या घाटावर आणलं जाई. पायऱ्या चढायच्या, नाव सांगायचं, एक नंबर घ्यायचा. दोनेक दिवस इथेच राहायचं, इथल्या स्वयंपाकघरात शिजेल ते खायचं आणि मग मळ्याकडे रवानगी.

नाव सांगायचं म्हणजे काय व्हायचं ऐका. लिहून घेणाऱ्या कारकुनाला ना मराठी येई, ना भोजपुरी, ना तमिळ. कानावर पडेल तसं तो लिहून घेई. आडनाव ही भानगड पुष्कळांकडे नव्हतीच. मग पुढच्या पिढीत बापाचं नावच आडनाव झालं. त्यामुळे आज मॉरिशसमध्ये 'सखाराम' किंवा 'रामजी' हे चक्क आडनाव असलेली माणसं भेटतात! कुणाच्या तरी सखाराम नावाच्या खापरपणजोबांची ती खूण.

पण त्या नंबरांचा एक उपयोगही झाला. नोंदवह्या टिकल्या. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज, आणि नंतरच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. आज मॉरिशसमधली माणसं तिथे जाऊन आपल्या पूर्वजांचा शोध घेतात. एका पिवळ्या पानावर आपल्या खापरपणजीचं नाव सापडलं तर काय वाटत असेल, विचार करा.

घाटाजवळच ला बूर्दोनेच्या काळातलं जुनं लष्करी रुग्णालय आहे. आता त्या इमारतीत गुलामगिरीचं संग्रहालय आहे. एका बाजूला गुलामांची आठवण, दुसऱ्या बाजूला गिरमिटियांची. दोघेही त्याच उसापायी राबले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ले मॉर्न नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळालेले गुलाम तिथे लपून राहत. २००८ साली तोही जागतिक वारसा झाला. तिथे एकही महाल नाही, पण स्वातंत्र्यासाठी माणूस कुठवर जाऊ शकतो हे तो डोंगर सांगतो. या लोकांच्या गाण्या-नाचाला 'सेगा' म्हणतात. हल्ली लग्नकार्यात सगळ्याच जातिधर्मांची माणसं त्यावर ठेका धरतात.

आता पानं वाढा!

बराच वेळ भुका मारल्या ना? चला, बाजारात.

सर्वांत आधी डाळपुरी. मॉरिशसच्या कुठल्याही नाक्यावर हिची गाडी असते आणि गाडीभोवती गर्दी असते. हरभऱ्याची डाळ हळद घालून शिजवायची, वाटायची, मैद्याच्या पारीत भरायची, पातळ लाटून तव्यावर भाजायची. काही ओळखीचं वाटतंय? अहो, ही तर आपली पुरणपोळीच, फक्त गूळ विसरलेली! नाव पुरी असलं तरी ती तळत नाहीत. नेहमी जोडीने मिळते. आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची 'रुगाय' आणि हिरवी चटणी. कागदात गुंडाळून हातात. बिहारकडच्या मजुरांनी ती आणली. आज ती चिनी मुलगाही खातो, गोरा साहेबही खातो आणि मशिदीतून बाहेर पडलेले चाचाही खातात.

दुसरा मान 'गातो पिमा'चा. फ्रेंचमध्ये गातो म्हणजे केक, पिमा म्हणजे मिरची. मिरचीचा केक! घाबरू नका. हा आपला डाळवडा. तिथे तो सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. वडा भारतीय, पाव फ्रेंच. आपल्या वडापावाचा परदेशातला मावसभाऊच म्हणा ना!

'विंदाय' म्हणजे मोहरी, हळद आणि व्हिनेगर लावलेली मासळी. गोव्याच्या विंदालूचं आणि याचं मूळ एकच, पोर्तुगीज. 'अशार' म्हणजे आपलं लोणचं, आचार. चिनी वस्तीत गेलात तर 'मीन फ्री' म्हणजे परतलेल्या नूडल्स आणि 'बूलेत' म्हणजे गरम पाण्यात सोडलेले उकडलेले गोळे. आणखी एक गमतीचा प्रकार म्हणजे 'उलटा वाडगा'. वाडग्यात आधी अंडं, मग भाजी-चिकन, मग भात दाबून भरतात आणि ताटलीत उपडा करतात. वाळूचा किल्ला करतो तसा! तमिळ घरांतल्या समारंभात केळीच्या पानावर सात भाज्या. मुसलमान घरांत बिर्याणी. आणि उन्हातून आलं की 'आलुदा', सब्जा घातलेलं थंडगार दूध. आपल्या फालुद्याचंच नाव तिथल्या जिभेवर जरा वळलेलं.

शब्दांचीही अशीच भेळ. घरोघरी क्रिओल भाषा बोलतात. ती फ्रेंचमधून निघाली, आफ्रिकेच्या तोंडी घडली. त्यात हिरव्या चटणीला म्हणतात 'सातिनी कोतोमिली'. सातिनी म्हणजे चटणी, आणि कोतोमिली हा तमिळमधला कोथिंबिरीचा शब्द. एका वाटीत दोन प्रांत!

आपली माणसं

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, रत्नागिरीकडची माणसं बरीच होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे मराठी म्हणून ओळखली जातात. घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी हा विषय शिकता येतो. हेन्रिएटा नावाच्या गावात १८९६ साली एका मराठी कुटुंबाने गणपती बसवला, तिथून बेटावरचा गणेशोत्सव सुरू झाला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचतात. ज्यांनी कोकण कधी पाहिलं नाही, ती मुलं तोच फेर धरतात.

म्हणजे बघा, जहाजात ट्रंका नव्हत्या. फार तर एक गाठोडं. पण डोक्यात रेसिपी होती, ओठांवर गाणं होतं, पायांत नाच होता. वादळात घर उडतं, घाटाच्या भिंती पडतात, कारकून नाव चुकीचं लिहितो. डाळपुरी कशी करायची हे मात्र आईने मुलीला, मुलीने नातीला सांगितलं आणि ते राहिलं. पण मधल्या एखाद्या पिढीने विचारलंच नसतं तर? डोडो गेला, तसं तेही गेलं असतं. वारसा म्हणजे फक्त दगड नव्हे. तो विचारणारं कुणीतरी लागतं.

या आठवड्याचं काम

पहिलं काम पोटाचं. गातो पिमा करा. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळून भरड वाटा, पीठ करू नका. त्यात चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, दोन हिरव्या मिरच्या, थोडं जिरं आणि मीठ घाला. लिंबाएवढे गोळे करा. तळायचं काम मात्र आई-बाबांकडे, तुम्ही लांबून बघायचं. लोणी लावलेल्या पावाबरोबर खा.

दुसरं काम वहीचं. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, 'तुमच्या आईच्या हातचा असा कोणता पदार्थ, जो आता आपल्याकडे कुणी करत नाही?' कृती लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. 'अंदाजाने मीठ' म्हणाले तर 'अंदाजाने' असंच लिहा.

तिसरं काम पायांचं. तुमच्या गावातली सर्वांत जुनी इमारत शोधा. वाडा असो, शाळा असो, धर्मशाळा असो, नाहीतर रेल्वे स्टेशन. तिचं चित्र काढा आणि खाली दोन नावं लिहायचा प्रयत्न करा. बांधून घेतली कुणी, आणि बांधली कुणी. दुसऱ्या ओळीसाठी बरंच विचारत फिरावं लागेल. फिरा!

आई-बाबांनो, मुलं विचारायला आली तर 'नंतर बघू' म्हणू नका. पाच मिनिटं काढा. कदाचित तुम्हालाही तुमच्या आईला फोन करावा लागेल.

चला तर मग, पुढच्या आठवड्यात नवा ठिपका, नवं गाव. नकाशाची वही जपून ठेवा. पानावर तेलाचा डाग पडला तरी चालेल. तो मॉरिशसचा म्हणून ओळखू!